विकाऊ कोण?

निवडणूक झाली की चाकूरच्या चहाच्या टपरीवर महिनाभर एकच पंचनामा चालतो. अमक्या वस्तीनं पैसे खाल्ले, तमक्या वस्तीनं दोघांचेही खाल्ले, आणि भीमनगरवाल्यांचं तर काय, ते ठरलेलंच. म्हणणारा कोण असतो बघा. भाऊ सोसायटीत, मेव्हणा बाजार समितीत, चुलता कारखान्याच्या बोर्डावर, आणि स्वतःच्या दारात दोन गाड्या: एक गुत्तेदारीची, एक राजकारणाची. हा माणूस आपल्याला विकाऊ म्हणतो. आणि आपली शिकलेली पोरं मान हलवतात. वर उठून सभेत आपल्याच आयाबहिणींना दटावतात, बाबासाहेबांनी दिलेलं मत पाचशेला विकू नका म्हणून.

मला भांडायचंय ते या मान हलवण्याशी.

पैसे घेऊन मत देणं गुन्हा आहे. देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. मी कुणाची वकिली करत नाही. पण दोस्तहो, बाजार कुठं भरतो ते तरी नीट बघा. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत फिरते ती नोट म्हणजे उठत्या बाजारातली शेवटची गिऱ्हाइकी. तोवर सगळा सौदा झालेला असतो. उमेदवार कोण, त्याच्या मागं कोण, त्याच्या विरोधात कोणाला उभं करायचं, कोणाला बसवायचं, हे सगळं दोन महिने आधी ठरून जातं. तेव्हा आपल्याला पाचशे सोडा, चहा घेता का म्हणून कुणी विचारलेलं नसतं. ज्यांनी उमेदवारच विकत घेतला ते साव, आणि ज्या बाईनं सोयाबीन काढून मोडलेल्या कमरेनं एक नोट घेतली ती चोर!

आता कायद्याचाच आकडा घेऊ. जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपये खर्च करायची मुभा आहे. 2025-26 साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 312 रुपये. भागाकार करा. 40 लाख म्हणजे 12,820 दिवसांची मजुरी. पस्तीस वर्षं. एक दिवस खाडा नाही, एक दुखणं नाही, तोंडात घास नाही, सगळा पैसा गाडग्यात पुरून ठेवला तर मजूर पस्तीस वर्षांनी अहमदपूर मतदारसंघात कायद्यानं मान्य असलेली एक निवडणूक लढवू शकतो. एकच. आणि हे झालं कागदावरचं. कागदाबाहेरचं काय ते चाकूरच्या बसस्टँडवर शेंगा विकणाऱ्या पोरालाही माहीत आहे.

आम्हाला सवलत आहे बरं का! अनामत रकमेत. विधानसभेला दहा हजार भरायचे तिथं अनुसूचित जातीच्या माणसाला पाच हजार, लोकसभेला पंचवीस हजार तिथं साडेबारा हजार. जत्रेच्या दारावरचं तिकीट अर्धं, आणि आत पाळण्यात बसायचं तर भाव सगळ्यांना सारखा.

बरं, हे 40 लाखांचं कुंपण तरी खरं आहे का? 1974 साली सुप्रीम कोर्टानं कंवरलाल गुप्तांच्या खटल्यात सांगितलं, की उमेदवाराच्या निवडणुकीवर त्याच्या पक्षानं, त्याच्या माहितीनं आणि संमतीनं केलेला खर्चही त्याच्याच हिशोबात धरायचा. साधी गोष्ट. निकाल ऑक्टोबरचा. त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढला, डिसेंबरपर्यंत कायदा बदलून घेतला, आणि पक्षानं किंवा मित्रमंडळींनी केलेला खर्च हिशोबातून बाहेर. आणीबाणीच्याही आधीची गोष्ट आहे ही. आपल्या विहिरीचा निकाल असता तर अंमलबजावणीला तीस वर्षं लागली असती. यांच्या तिजोरीवर बोट ठेवलं तर दोन महिन्यांत पार्लमेंट जागं. 2003 साली ते भोक जरा बुजवलं, पण बड्या प्रचारकांच्या हेलिकॉप्टरचा खर्च अजून बाहेर, आणि पक्षानं एकंदर किती उधळायचं याला आजही मर्यादा नाही. उमेदवाराला दावं, पक्षाला मोकळं रान.

मोकळं रान कसं असतं ते 2018 ते 2024 च्या निवडणूक रोख्यांत दिसलं. 16 हजार कोटींच्या वरचे रोखे स्टेट बँकेच्या खिडकीतून विकले गेले. कोणी कोणाला दिले ते मतदाराला कळू द्यायचं नाही हा सरकारी नियम. 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवले आणि मग याद्या बाहेर आल्या. सगळ्यात मोठा खरेदीदार निघाला लॉटरीचा धंदा करणारा! भीमनगरातली म्हातारी कोणाची नोट घेते ते पूर्ण गावाला माहीत. लॉटरीवाल्याचे तेराशे कोटी कोणाला गेले ते देशाला माहीत नव्हतं. विकाऊ कोण?

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं भोकर घ्या. 13 ऑक्टोबर 2009 ची विधानसभा. उमेदवार अशोकराव चव्हाण, त्या वेळचे मुख्यमंत्री. निवडणुकीच्या दिवसांत मोठमोठ्या मराठी पेपरांत त्यांच्या कर्तृत्वाची पानंच्या पानं भरून आली. त्यातला एक मजकूर तर एकमेकांचे वैरी असलेल्या पेपरांत शब्दाला शब्द सारखा. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सगळं 'हिंदू'त मांडलं. चव्हाणांनी निवडणूक खर्च दाखवला होता सात लाखांच्या आत, आणि त्यात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च 5,379 रुपये. एवढ्यात आपल्याकडं जयंतीचं एक डिजिटल आणि वाजंत्री होत नाही. पैसे दिले नाहीत, पेपरांनी आपणहून छापलं, असं चव्हाणांचं म्हणणं. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडं गेले. भाजपच्या पुढाऱ्यांनीही तक्रार केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मे 2014 मध्ये कोर्ट म्हणालं, हिशोब नुसता वेळेत दिला की झालं असं नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. जुलैत आयोगानं हिशोब रीतसर नाही म्हणून नोटीस काढली. सप्टेंबरात दिल्ली हायकोर्टानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. झालं. पाच वर्षं गेली, तोवर त्या विधानसभेची मुदतही संपत आली होती.

याच कायद्यानं 2011 साली उत्तर प्रदेशातल्या उमलेश यादव या आमदारबाईंना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं, पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा खर्च दाखवला नाही म्हणून. त्या एका चिमुकल्या पक्षाच्या. भोकरची गोष्ट पुढं कुठं गेली? फेब्रुवारी 2024 मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले. तक्रार करणारा पक्ष आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो पुढारी, एकाच मांडवात जेवायला बसले. नोव्हेंबरात भोकरची आमदारकी त्यांच्या मुलीकडं गेली. कायद्यानं ते निर्दोष आहेत, मला त्यावर काही म्हणायचं नाही. मला विचारायचंय ते पेपरवाल्यांना. पाच हजारांत तुमचं पान मिळत असेल तर आमच्या मोर्चाची चार ओळींची बातमी का मिळत नाही?

प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी 2010 साली या धंद्यावर 71 पानांचा अहवाल लिहिला, पेपरांची नावं घेऊन. कौन्सिलनं तो दाबला आणि एक छोटी गुळमुळीत प्रत काढली. पुढच्या वर्षी माहितीच्या हक्कानं पूर्ण अहवाल बाहेर काढावा लागला. म्हणून म्हणतो, आपलं हे शाईनं बरबटलेलं सायक्लोस्टाइल जपा. याच्यात जागा विकत मिळत नाही.

आता आपल्या घरात येऊ. लातूर लोकसभा 2009 पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. लोह्यापासून निलंग्यापर्यंत सहा विधानसभा, सुमारे 20 लाख मतदार. आपल्यातला कोण उभा राहणार तिथं? गावोगाव भाकरी बांधून फिरणारा कार्यकर्ता? त्याला तर मतदारसंघ एकदा पालथा घालायलाच वर्ष लागेल. उभा राहतो तो, ज्याला तिकीट देणाऱ्यांनी पसंत केलं. पक्ष कुठलाही असो, राखीव जागेचा मामला असाच चालतो. जात आपली, गाडीतलं डिझेल दुसऱ्याचं. आणि डिझेल ज्याचं, गाडी त्याच्याच वाड्यावर जाणार. 24 सप्टेंबर 1932 ला येरवड्यात नेमकं हेच आपल्या हातातून गेलं. पुणे कराराआधी जे मिळत होतं त्यात आपला माणूस फक्त आपल्या मतावर निवडून येणार होता. त्याला वाड्याची मर्जी लागली नसती आणि वीस लाख लोकांत मिरवायचा खर्चही लागला नसता. करारात जागा वाढल्या, पण निवडायचा हक्क सगळ्यांच्या हाती गेला. आधी आपल्या मतदारांनी चार जण निवडायचे आणि मग सर्वांनी त्यातला एक, अशी सोय ठेवली होती, तीही मुदतीची. म्हणजे ज्याच्या खिशात एका निवडणुकीचा पैसा नाही त्यानं दोन लढायच्या! पुणे कराराची चर्चा आपण दरवर्षी करतो. पैशाच्या अंगानं ती कोणी करत नाही. खुद्द बाबासाहेब जानेवारी 1952 मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून 14 हजारांवर मतांनी पडले. घटना लिहिणारा माणूस. मग तुमच्याआमच्यासारख्याला काय विचारता.

आता एक प्रश्न, जो आपल्या सभांमध्ये निघतच नाही. ऊसतोड्यांचा. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला होती आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम त्या साली सरकारनं 15 नोव्हेंबरपासून ठरवला होता. अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेडच्या बाजूनं आणि आपल्या तालुक्यातूनही कोयते बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मतदानाच्या दिवशी माणूस फडात, नाव चाकूरच्या यादीत. यायचं कसं? खाडा मुकादम कापणार, एसटीचं भाडं अंगावर, लेकरं कोपीवर. मग फोन येतो, गाडी पाठवतोय, सगळ्यांना घेऊन या. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 123 वं कलम बघा, मतदाराला भाड्याच्या गाडीतून फुकट केंद्रावर आणणं हा भ्रष्ट आचार आहे. कायदा म्हणतो, उमेदवाराच्या गाडीत बसू नको. पण दुसरी गाडी कायदा देत नाही. त्या गाडीत बसलेल्या माणसाला आपण विकाऊ म्हणायचं का? त्याला तर मत द्यायचंय, म्हणून तो रात्रभर टेंपोत उभा राहून आला. आणि ज्याच्या उचलीवर त्याचं सगळं वर्ष चालतं तो मुकादम त्याच टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसलेला असतो. बटण कोणतं दाबायचं हे सांगायला त्याला तोंड उघडावं लागत नाही.

आणि आपल्याच चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या जवानाची मतपत्रिका 2016 पासून तारेवरून त्याच्यापर्यंत जाते, देशात कुठंही असो. व्हायलाच पाहिजे, माझी तक्रार नाही. निवडणुकीच्या ड्यूटीवरच्या कारकुनाला टपाली मत आहे. पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्याला आहे. स्थानबद्ध करून ठेवलेल्या माणसालासुद्धा आहे. काश्मीर सोडून आलेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत मतदान केंद्रं उघडतात. म्हणजे सरकारला जमतं. ऊसतोड्यासाठी कारखान्याच्या गेटवर एक केंद्र का जमत नाही? 16 जानेवारी 2023 ला आयोगानं परगावी मत देता येईल असं यंत्र दिल्लीत पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. पक्षांनी शंका काढल्या, ते यंत्र तिथंच राहिलं. शंका खऱ्याही असतील. पण ऊसतोड्याचं मत परस्पर फडावरच पडायला लागलं तर टेंपो पाठवणाऱ्याचं काय होईल, ही शंका कोणाच्या मनात होती ते मला कळतं.

चाकूरचं नाव दिल्लीत गाजलं. इथले शिवराज पाटील सात वेळा लातूरचे खासदार, लोकसभेचे सभापती, देशाचे गृहमंत्री. गावातला कोयता मात्र हंगाम आला की अजून गावाबाहेरच जातो.

खाली ग्रामपंचायतीत तर सगळं उघडंच. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या. कारण? लिलाव. उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली होती, खोंडामळीत 42 लाखांवर. पैसा देवळाच्या कामाला म्हणे. गाव एक झालं, बिनविरोध झालं, केवढं कौतुक! पण जिथं बोली लागते तिथं मत मोजायचीच गरज नाही. वस्तीत तीनशे मतं असली तरी बोलीत त्यांची किंमत शून्य, कारण बोली रुपयात बोलायची असते. बिनविरोध हा शब्द ऐकला की माझे तर कान उभे राहतात. सकाळी मतपेटी टाळायची आणि संध्याकाळी पंगत वाढायची.

हे सगळं त्यांचं झालं. भावांनो, आता आपलं.

14 एप्रिलच्या कमानीकडं बघा. वरच्या कोपऱ्यात बाबासाहेब पासपोर्ट साइजचे. मधोमध भावी आमदार, हात जोडून. खाली आपली पोरं, चष्मे लावून, ओळीनं. डीजेचे पैसे कोणी दिले? जेवणाचा तांदूळ कोणाचा? टी-शर्टच्या पाठीवर नाव कोणाचं? वस्तीतून दहा-वीसची वर्गणी मागायला आपल्याला लाज वाटते, आणि गुत्तेदाराच्या फार्महाऊसवर रात्री अकराला जायला वाटत नाही. ती म्हातारी पाच वर्षांतून एकदा नोट घेते आणि तिला आपण भाषण देतो. जयंती मंडळ दरवर्षी घेतं आणि त्याला आपण सहकार्य म्हणतो. मी स्वतः मंडळाच्या बैठकीत विचारलं, हिशोबाची वही कुठं आहे. एक जण म्हणाला, दादा, तुमचं काय जळतंय? दुसरा म्हणाला, पैसा त्यांचा, मिरवणूक आपली, तोटा काय. तोटा काय ते निवडणुकीत कळतं. वस्ती बोलवायची असली की उमेदवार वस्तीत येत नाही. मंडळाच्या अध्यक्षाला फोन करतो.

1978 ते 1994 सोळा वर्षं नामांतर चाललं. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे जिवानिशी गेले. नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. त्या मोर्चांना माणसं आली ती फडक्यात भाकरी बांधून. कोणाच्या तांदळावर नाही. म्हणून तर विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव चढलं आणि खाली सौजन्य कोणाचंच लिहावं लागलं नाही.

आणि स्वतंत्र उभं राहिलं तर काय होतं तेही बघितलंय. 2019 च्या लोकसभेला नांदेडात वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं पडली. चव्हाण पडले चाळीस हजारांच्या आसपास. झालं, दुसऱ्या दिवसापासून बी टीम, पैसे घेऊन उभे राहिले, मतं खाल्ली. दीड लाख माणसं आपल्या मनानं मत देऊ शकतात हे यांच्या डोक्यातच शिरत नाही. आमचं मत त्यांना दिलं तर पुरोगामी, आम्हाला दिलं तर विकलेलं! या शिवीला शिवीनं उत्तर देऊन भागत नाही. उत्तर एकच, वही उघडून दाखवणं. किती आले, कोणाचे आले, कुठं गेले. आपल्या नावानं मत मागणाऱ्या प्रत्येक गटाला, रिपब्लिकनच्या ज्या काय चिरफळ्या आहेत त्या सगळ्यांना, हे आपणच विचारायला पाहिजे. नेत्याला राग येईल. येऊ द्या.

त्यांची वहीसुद्धा उघडता येते, हे किती जणांना माहीत आहे? निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवारानं जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. आणि निवडणूक नियमांतला 88 वा नियम सांगतो, एक रुपया फी भरून कोणीही माणूस तो हिशोब बघू शकतो. कोणीही. मतदार कार्ड नको, वकील नको, शिफारस नको. ठरलेली फी भरली की साक्षांकित नक्कल मिळते. भोकरचे 5,379 रुपये जगाला कळले ते असलाच कागद उघडल्यावर.

तर काम असं आहे. पुढच्या निवडणुकीत प्रत्येक वस्तीत दोन पोरांनी वही घालायची. आपल्या गल्लीत गाड्या किती आल्या, किती दिवस फिरल्या, मंडप किती फुटांचा, पंगत किती पानांची, फडावरून टेंपो किती आले, कोणत्या नंबरचे. तारीख घालून लिहायचं, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. निकाल लागला की लातूरच्या कलेक्टर कचेरीत जायचं, रुपया भरायचा आणि त्यांची वही आपल्या वहीशेजारी ठेवायची. निवडणूक अर्ज निकालापासून 45 दिवसांतच करावा लागतो, म्हणून तीस दिवस झाले की लगेच. गडबड दिसली तर छापायची, इथंच. ऊसतोड्यांच्या मतदान केंद्राचं निवेदन वेगळं. ते कोयते निघायच्या आधी, प्रत्येक तांड्याच्या आणि वस्तीच्या अंगठ्यांसह द्यायचं. नंतर अंगठा द्यायला गावात कोणी नसतं.

त्याआधी आपली वही. संपादकांना विनंती, एप्रिलनंतरच्या अंकाची शेवटची दोन पानं रिकामी ठेवा. चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ, जिथं जिथं जयंती निघते तिथल्या मंडळांनी जमा-खर्च पाठवायचा. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम, दहा रुपये असले तरी. जे मंडळ पाठवणार नाही त्याचं नाव छापा आणि पुढं जागा कोरी सोडा.